चार कप्प्यांचं पोट

२०२२ साली जीएचजीसॅट या कॅनडातल्या कंपनीनं एक अजब निरीक्षण जाहीर केलं. तेलविहिरी, कोळशाच्या खाणी, शहरांबाहेरचे कचऱ्याचे डोंगर यांतून सुटणारा मिथेन वायू तिचे उपग्रह आकाशातून टिपत असतात. या वेळी त्यांना अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यावर मिथेनचे लोट दिसले. खाली तेलविहीर नव्हती, खाणही नव्हती. खाली गुरं होती. मांसासाठी वाढवलेली हजारो गुरं मका चारून पुष्ट करायला एका आवारात कोंडतात, त्याला तिकडे फीडलॉट म्हणतात. तशा आवारातल्या गुरांचे ढेकर शेकडो किलोमीटर वरून फिरणाऱ्या यंत्राला दिसले होते.

हो, ढेकरच. या विषयावरचे निम्मे विनोद गाईच्या मागच्या बाजूबद्दल असतात, आणि ते चुकीच्या टोकाला लागतात. गाईच्या पोटातला ९० टक्क्यांच्या आसपास मिथेन तोंडावाटे बाहेर पडतो. न्यूझीलंडच्या सरकारनं २००३ साली जनावरांच्या मिथेनवर संशोधन करण्यासाठी शेतकऱ्यांवर पट्टी बसवायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी तिला थेट 'पादकर' ठरवून टाकलं. शेन आर्डर्न नावाच्या खासदारांनी निषेध म्हणून संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला. पट्टी बारगळली. नाव तेवढं चुकलं होतं.

मांस खाण्याचा पर्यावरणाशी काय संबंध, असं विचारलं की बहुतेक जण जंगलतोडीपासून किंवा पाण्यापासून सुरुवात करतात. मी जनावराच्या पोटापासून करतो. पुढच्या सगळ्या हिशेबाची किल्ली तिथं आहे, आणि खरं सांगायचं तर त्याहून थक्क करणारी जागा मला निसर्गात फारशी माहीत नाही.

ज्वारीचं एक ताट डोळ्यांपुढे आणा. वर कणसात दाणे, खाली कडबा. दाण्यातला स्टार्च ही ग्लुकोजच्या रेणूंची साखळी. कडब्यातलं सेल्युलोज हीसुद्धा ग्लुकोजच्याच रेणूंची साखळी. फरक इतकाच, की सेल्युलोजमध्ये प्रत्येक दुसरा रेणू उलटा बसतो. त्या एका उलट्या जोडामुळे दाण्याची भाकरी होते आणि कडब्याचं आपल्या पोटाला काहीच करता येत नाही. तो जोड सोडवणारं विकर आपल्या शरीरात तयार होत नाही. नवल असं, की ते गाईच्या शरीरातही तयार होत नाही. म्हशीच्या नाही, शेळीच्या नाही, हरणाच्या नाही. कडब्यावर दूध देणारी गाय कडबा स्वतः पचवत नाही. पचवणारे दुसरेच आहेत.

ते राहतात कोटीपोटात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचं खरं पोट. यातलं कोटीपोट सगळ्यांत मोठं. मोठ्या गाईत ते शंभर लिटरच्या पुढे सहज जातं. डाव्या कुशीला ते पसरलेलं असतं आणि मिनिटाला एक-दोनदा स्वतःच घुसळलं जातं. बरगड्यांच्या मागच्या खळग्यावर हाताची मूठ दाबून धरली तर ती घुसळण हाताला कळते. आत मिट्ट अंधार, ३९ अंशांच्या आसपास ऊब आणि प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथल्या एका मिलिलिटर रसात हजार कोटींच्या वर जिवाणू असतात, म्हणजे पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त. त्यांच्या जोडीला आदिजीव असतात आणि बुरशीही असते. प्राणवायूशिवाय बुरशी जगतच नाही, असं शास्त्रज्ञ कितीतरी काळ ठामपणे मानत होते. १९७५ साली इंग्लंडमध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोटीपोटातले पोहणारे जीव नीट तपासले, तेव्हा आदिजीव म्हणून खपून गेलेले ते जीव बुरशीचे निघाले. जगातल्या एका अख्ख्या जीवगटाचा पत्ता मेंढीच्या पोटात लागला.

या वस्तीला गाय सतत पोसते. दिवसाचे सहा-आठ तास ती रवंथ करते, शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते, आणि त्या क्षारयुक्त लाळेमुळे आतलं आम्ल आटोक्यात राहतं. डोशाचं पीठ रात्रभर आंबतं, तसंच हे आंबवण. फक्त ते जनावर जिवंत असेपर्यंत एक दिवसही थांबत नाही. सेल्युलोज फोडून जिवाणू जी आम्लं सोडतात, ती कोटीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात. त्यात पहिला मान अ‍ॅसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा. गाईला लागणाऱ्या ऊर्जेतला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा या आम्लांचा असतो. आणि प्रथिनं? कोटीपोटातून पुढे वाहत गेलेले जिवाणू शेवटच्या खऱ्या पोटात पोचतात आणि तिथं गाय त्यांनाच पचवते. गवत खाणारी म्हणून आपण जिला ओळखतो ती गाय पोटात जिवाणूंचं पीक काढते आणि त्या पिकावर जगते.

फिनलंडचे नोबेल-विजेते रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी १९६० च्या दशकात याची कसोटीच घेतली. त्यांनी गाईंना प्रथिनं नसलेलं खाद्य दिलं: शुद्ध स्टार्च, सेल्युलोज, साखर आणि नायट्रोजनसाठी युरिया. गाई दूध देत राहिल्या. युरियातल्या नायट्रोजनपासून जिवाणूंनी प्रथिनं बनवली आणि गाईंनी जिवाणू पचवले. कडब्यावर युरियाची प्रक्रिया करायला आपल्याकडचे पशुवैद्य सांगतात, त्यामागे हेच रसायन आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम नावाचं विकर आपल्या अश्रूंत आणि लाळेत असतं, जंतूंपासून राखण करायला. गाईनं उत्क्रांतीच्या ओघात तेच विकर पोटात आणलं, आम्लात टिकेल असं बदलून घेतलं आणि पचनाला जुंपलं. १९८७ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं, की असाच बदल, रेणूतल्या काही अगदी त्याच जागी, आणखी एका प्राण्यात स्वतंत्रपणे झाला आहे. तो प्राणी म्हणजे आपलं वानर, देवळाच्या छपरावर पानं ओरबाडत बसणारं काळ्या तोंडाचं. त्यालाही पोटात पानं आंबवायची असतात.

आता मिथेनकडे येऊ. आंबताना हायड्रोजन सुटतो. तो साठत गेला तर आंबणंच थांबेल आणि गाय उपाशी मरेल. म्हणून त्या वस्तीत हायड्रोजन उचलणारे सूक्ष्मजीव राहतात. ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन बनवतात आणि त्यातून मिळणाऱ्या चिमूटभर ऊर्जेवर जगतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण जिवाणू नव्हेत. १९७७ साली अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं जनुकीय साहित्य तपासलं आणि जीवसृष्टीची तिसरी मोठी शाखा, आर्किया, जगापुढे मांडली. वंशावळीच्या हिशेबानं हे जीव जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळचे आहेत. मिथेन स्वतः त्याच्या दोनशे वर्षं आधी सापडला होता: १७७६ साली बॅटरीवाल्या व्होल्टानं इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठच्या चिखलातले बुडबुडे गोळा करून पेटवून पाहिले होते. चिखलात आणि कोटीपोटात काम एकाच कुळातले जीव करतात.

मोठी गाय दिवसाला काहीशे लिटर मिथेन ढेकरांतून सोडते. तो अडकला तर पोटफुगी होते, आणि पोटफुगीनं जनावर काही तासांत दगावतं, हे कुठल्याही गोठ्यात ठाऊक असतं. जर्मनीत रासडोर्फ इथल्या ९० गाईंच्या गोठ्यात २०१४ च्या जानेवारीत स्फोट झाला. साठलेल्या वायूवर स्थिर विजेची ठिणगी पडली असावी, असं पोलिसांनी सांगितलं. मिथेन म्हणजे इंधन. म्हणून मालकाच्या दृष्टीनं हा तोटाच आहे: खाद्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते, आणि निकृष्ट, तंतुमय चाऱ्यावर ती जास्त जाते.

हवेत गेलेला मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा वेगळा वागतो. साधारण बारा वर्षांत त्याचा निकाल लागतो, पण तेवढ्या काळात तो उष्णता फार अडवतो. शंभर वर्षांच्या मापानं मोजलं तर वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींच्या पुढे जातो, वीस वर्षांच्या मापानं ८० पटींच्या आसपास. यातून एक निष्कर्ष निघतो, आणि मांसाचे समर्थक तो हमखास पुढे करतात. गुरांची संख्या कायम राहिली, तर त्यांचा मिथेनही हवेत एका पातळीला स्थिर राहतो. नवा येतो तेवढा जुना विरतो. हे खरं आहे. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे: गुरं कमी झाली तर दहा-वीस वर्षांत त्याचा फायदा हवेला दिसतो, आणि कोळशाच्या धुराबाबत ती सोय नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की रवंथ करणारे प्राणी पृथ्वीवर लाखो वर्षं आहेत, मग आजच काय बिघडलं? गोरे लोक पसरण्याआधी उत्तर अमेरिकेच्या माळांवर तीन ते सहा कोटी गवे-बायसन होते, तेही ढेकर देत होतेच. त्याहून मागे जायचं तर २०१२ साली ब्रिटनमधल्या तीन शास्त्रज्ञांनी लांब मानेच्या डायनासॉरांचा हिशेब मांडला. त्यांच्या पोटातलं आंबवण गुरांसारखं असेल असं धरलं तर वर्षाला ५२ कोटी टन मिथेन! आज नद्या, दलदली, भातखाचरं, खाणी आणि गुरं मिळून जेवढा सुटतो, जवळजवळ तेवढा. अंदाज ढोबळ आहे, पण त्या काळची पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच गरम होती, हेही विसरू नये.

बिघडलं आहे ते प्रमाण. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या यिनॉन बार-ऑन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांचं वजन मांडलं. सस्तन प्राण्यांच्या एकूण वजनात जंगली प्राणी, म्हणजे हत्ती, देवमासे, हरणं, उंदीर सगळे धरून, फक्त ४ टक्के. माणसं ३६ टक्के. उरलेले ६० टक्के आपली पाळीव जनावरं. पक्ष्यांतही पाळलेल्या कोंबड्या-बदकांचं वजन सगळ्या जंगली पक्ष्यांच्या दुपटीहून जास्त. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कागद खाली ठेवला. जंगलाबद्दल आपण जे काही बोलतो, ते या ४ टक्क्यांबद्दल बोलतो.

मांसाचा वाटा नेमका किती, यावर भांडणं झाली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं २००६ साली सांगितलं, की माणसाच्या हरितगृह वायूंतले १८ टक्के पशुपालनाचे. सगळ्या वाहतुकीपेक्षा जास्त. हे वाक्य जगभर गाजलं. मग कॅलिफोर्नियातले प्राध्यापक फ्रँक मिटलोनर यांनी बोट ठेवलं: मांसाचा हिशेब शेतापासून धरलाय आणि गाड्यांचा फक्त धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा. तुलना लंगडी होती आणि संघटनेनं ते मान्यही केलं. २०१३ च्या अहवालात आकडा १४.५ टक्के झाला, २०२३ च्या अहवालात १२ च्या आसपास. रीत बदलली तसा आकडा बदलला. पण १२ टक्के हाही लहान आकडा नव्हे, आणि माणसामुळे सुटणाऱ्या मिथेनपुरतं बोलायचं तर पशुपालनाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या घरात आहे.

पाण्याच्या आकड्यांबाबत तर मी सावधच असतो. एक किलो गोमांसाला १५,४०० लिटर पाणी, हा आकडा भित्तिपत्रकांवर झळकतो. त्यातलं ९४ टक्के पाणी कुरणावर आणि चाऱ्यावर पडलेला पाऊस आहे. गाय नसती तरी तो तिथं पडलाच असता. धरणाच्या पाण्यावर ऊस घेणाऱ्या महाराष्ट्रानं तर हा आकडा फार मोठ्यानं वाचू नये.

खरी मौज तुलनेत आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली 'सायन्स'मध्ये ११९ देशांतल्या ३८,००० हून अधिक शेतांचे हिशेब एकत्र केले. १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायला किती कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता हवेला द्यावी लागते, याची सरासरी अशी: खास मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस ५० किलो, मेंढी-बकरी २०, चीज ११, डुक्कर ७.६, कोंबडी ५.७, अंडी ४.२, सोयाबीनचा टोफू २, डाळी-कडधान्यं एक किलोच्याही आत. पुन्हा वाचा. वरची तिन्ही नावं कोटीपोटाची आहेत. मांस की शाकाहार ही आपली नेहमीची रेघ या यादीत कुठेच बसत नाही. रेघ रवंथापाशी आहे.

यादीतला एक बारकावा मजेशीर आहे. दुधाळ जातीच्या गुरांचं मांस ५० वर न राहता १७ वर येतं. जनावर तेच, ढेकर तेच. फक्त आईच्या ढेकरांतला मोठा वाटा दुधाच्या खात्यावर मांडला जातो. म्हणजे पनीर, तूप, खवा यांच्या नावावर जे चढतं, तेवढं मांसाच्या नावावरून उतरतं. पनीर टिक्का खाणाऱ्यानं चिकन टिक्का खाणाऱ्याला हवामानावर व्याख्यान देण्याआधी हे खातं पाहावं. आणि डाळ-भात खाणाऱ्यासमोर दोघांनीही गप्प बसावं.

सरासरीच्या पोटात किती अंतर लपलेलं असतं! त्याच अभ्यासात सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत बऱ्या गोमांसात उत्सर्जनाचा १२ पट फरक निघाला, जमिनीचा ५० पट. हे एवढं का, ते कळायला ब्राझीलला जावं लागतं, आणि ब्राझीलला गेलं की गंमत म्हणजे आंध्र किनाऱ्यावर परत यावं लागतं.

ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत, वीस कोटींच्याही पुढे. मांसासाठीच्या गुरांत बहुतांश एका पांढऱ्या, वशिंडवाल्या जातीची: नेलोर. नाव आंध्रातल्या नेल्लोरचं, रक्त ओंगोल बैलांचं. एकोणिसाव्या शतकात ही जनावरं जहाजातून तिकडे गेली, १९६० च्या दशकात पुन्हा निवडक वळू गेले. त्यातल्या करवडी नावाच्या वळूचं नाव तिकडे अजून निघतं. उष्णता, गोचीड आणि निकृष्ट गवत सोसणारी ही जात तिथं अशी फोफावली, की २०२३ साली वियातिना-१९ या नेलोर गाईची किंमत ४० लाख डॉलरच्या वर धरली गेली. आपल्याकडे नांगर आणि गाडी ओढायला घडवलेला प्राणी तिकडे मांसाचा कारखाना झाला. आणि त्याला उभं राहायला जागा लागली. अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचा जो हिस्सा तोडला गेला, त्यातल्या बहुतांश जमिनीवर आज कुरणं आहेत. झाडं जाळली की शतकांचा साठलेला कार्बन एका हंगामात हवेत जातो आणि मग त्याच जमिनीवर नेलोर चरू लागतात. सर्वांत वाईट गोमांस ते हे. एक ढेकर आणि एक पेटलेलं झाड अशी दुहेरी बेरीज.

मग कोंबडी बरी? हवेच्या मापानं हो. तिच्या पोटात कोटीपोट नाही, मिथेन जवळजवळ नाही, आणि तिच्या वाढीचा वेग अंगावर काटा आणणारा आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांच्या कोंबड्या एकाच खाद्यावर वाढवून पाहिल्या. छपन्नाव्या दिवशी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. अठ्ठेचाळीस वर्षांत माणसानं निवड करून करून पक्ष्याचं शरीर साडेचारपट केलं. पावणेदोन किलो खाद्यात एक किलो वजन. हा चमत्कार की क्रौर्य, हे मला दोन्ही वाटतं, आणि एकाच वेळी.

पण कोंबडी कडबा खात नाही. ती मका आणि सोयापेंड खाते, म्हणजे आपल्या ताटात येऊ शकणारं, निदान आपल्या जमिनीवर पिकणारं. जगातल्या सोयाबीनचा तीन-चतुर्थांश भाग जनावरांच्या, मुख्यतः कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातो. हे लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्याच्या सोयाबीनचा भाव पोल्ट्रीच्या मागणीवर हलतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि त्यावरून मराठवाडा-विदर्भात किती संताप झाला, ते अनेकांच्या आठवणीत असेल. चिकनच्या थाळीला शेत लागतं. ते कुठल्या मातीत आहे, एवढंच थाळीत दिसत नाही.

इथं रवंथ करणाऱ्या जनावराची बाजू मांडायला हवी. २०१७ सालच्या एका अभ्यासाप्रमाणे जगभरची जनावरं जे खातात, त्यातलं ८६ टक्के माणसाला खाता येण्यासारखं नसतंच: गवत, पाला, कडबा, भुसकट, पेंड. आपल्या माणदेशातला धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतो. वाटेवरचे शेतकरी त्याला शेतात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंड्या-मुताच्या खतापायी धान्य किंवा पैसे देतात. त्या दख्खनी मेंढीनं दाणा बहुधा पाहिलेला नसतो. तिच्या मागावर माळरानातला लांडगा जगतो. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या लांडग्यांचं मोठं भक्ष्य म्हणजे शेळ्या-मेंढ्याच. हे माळ उजाड पडीक समजून नांगरले किंवा विकले, तर मटण कमी होईल, पण लांडगाही जाईल आणि मातीही. आणि तरीही प्रति किलो मोजमापात ही मेंढी वाईटच ठरते: सावकाश वाढते म्हणून जास्त दिवस ढेकर देते. माळावर चरणाऱ्या बैलापेक्षा मका खाणारा फीडलॉटमधला बैल प्रति किलो कमी मिथेन सोडतो, कारण स्टार्च आंबताना हायड्रोजन वेगळ्या आम्लात अडकतो. नैसर्गिक ते हवेला चांगलंच, असं मानणाऱ्यांची इथं पंचाईत होते. मोजपट्टीवर काय धरायचं, प्रति किलो, प्रति एकर की प्रति लांडगा, हे ठरवल्याशिवाय चांगलं-वाईट ठरत नाही. मला विचाराल तर या मेंढीचं मटण सणावाराला खाण्यात मला काही गैर दिसत नाही. रोजच्या रोज खाण्याइतके माळ मात्र महाराष्ट्रात नाहीत.

भारतीय माणूस वर्षाला दहा किलोच्या आत मांस खातो, अमेरिकन शंभरच्या वर. तेव्हा कमी खा हा उपदेश आधी तिकडे करायचा, हे उघड आहे. पण आपलं कोटीपोट मांसात नसून दुधात आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून जास्त गाई-बैल, जवळजवळ ११ कोटी म्हशी आणि १५ कोटींच्या आसपास शेळ्या भरल्या. भारताच्या २०१६ च्या हिशेबात शेतीतल्या एकूण उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या आंबवणाचा होता, भातशेतीच्या कितीतरी पट. आणि भाकड झालेली म्हैस, नको असलेला रेडा यांचं मांस परदेशी जातं. म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. दूध आणि मांस हे दोन धंदे नाहीतच.

उपाय आहेत. अ‍ॅस्पॅरागॉप्सिस नावाचं तांबडं समुद्री शेवाळ चिमूटभर खाद्यात मिसळलं, तर काही प्रयोगांत मिथेन ८० टक्क्यांपर्यंत घटला. आर्कियांचं शेवटचं विकर अडवणारी एक भुकटी युरोपात २०२२ पासून दुभत्या गाईंना देता येते. तिनं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास घट होते. अडचण अशी, की हे रोज, प्रत्येक जनावराच्या गव्हाणीत पडायला हवं, आणि रानात चरणाऱ्या जनावराला गव्हाण नसते. डेन्मार्कनं वेगळी वाट धरली: २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर टनाला ३०० क्रोन कर, २०३५ ला ७५०. असा कर ठरवणारा तो पहिला देश.

आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे त्यानं मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो. आणि वाचलेली ऊर्जा दुधात जाऊ शकते, म्हणजे शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. २०२१ साली ग्लासगोत शंभरावर देशांनी मिथेन २०३० पर्यंत ३० टक्के घटवायच्या करारावर सह्या केल्या, भारतानं केली नाही. दोन-तीन जनावरांवर घर चालवणाऱ्यांवर बोजा नको, हे कारण मला रास्त वाटतं. पण चांगला खुराक हा बोजा नव्हे. आपली म्हैस परदेशी गाईच्या तुलनेत कमी ढेकर देते आणि त्याहून कितीतरी कमी दूध देते, त्यामुळे लिटरमागे मिथेन जास्त पडतो. तो घटवण्याचा रस्ता चाऱ्यातूनच जातो. तेव्हा ज्या वाचकांच्या घरचं दूध एखाद्या दूध संघाला जातं, त्यांनी येत्या वार्षिक सभेत उभं राहून एवढं विचारावं: संघाच्या पशुखाद्यात असं काही मिसळायला कधी सुरुवात करणार, आणि पोत्यामागे किती रुपये वाढणार?